बॅटरी धरणारा

इचलकरंजीत माझ्या काकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाची मोटार जळली की कारखान्यातला कुणीतरी ती सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचा आणि दुकानाच्या पायरीवर आदळायचा. सहावीपासून बारावीपर्यंतच्या माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्या पायरीच्या आत गेल्या. मला दोन कामं असायची. एक, बॅटरी धरायची. दुसरं, फेरे मोजायचे. काका मोटारीत डोकं घालून जळकी कॉइल उपसायचे, तेव्हा उजेड नेमका चिमट्याच्या टोकावर पडायला हवा. हात जरा हलला की आवाज यायचा, ‘‘बॅटरी हिकडं धर की रं, माझ्या हातावर कशाला पाडतोयस उजेड.’’ मग स्लॉट, म्हणजे मोटारीतल्या खाचा, खरवडून साफ करायचे, त्यात इन्सुलेशनचा कागद बसवायचा, आणि फर्म्यावर तांब्याची नवी तार गुंडाळायची. हँडल काका फिरवायचे, मोजायचो मी. मोठ्यानं. शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, थांबा! फेरे कमी पडले तर मोटार तापते आणि आठ दिवसांत परत पायरीवर येते.

झालं की एका लांबड्या वहीत लिहायचं. किती हॉर्सपॉवर, किती स्लॉट, तार किती गेज, फेरे किती. या वहीला दुकानात ‘डेटा’ म्हणत. पुढच्या वेळी तसलीच मोटार आली की डेटा काढून बघायचा. सातवीत माझं अक्षर बरं आहे असं काकांनी ठरवलं आणि वही माझ्याकडे आली.

बॅटरी धरणारा मुलगा काही करत नाही, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. पण काम करणाऱ्याचा चेहरा तो जितक्या जवळून बघतो तितका कुणीच बघत नाही. तार तुटल्यावर काकांच्या कपाळावर काय होतं, जमलं की ओठ कसे मुडपतात, हे काकूंनाही माहीत नसेल. आणि काका माझ्याशी बोलायचे. मला कळतंय की नाही याची फिकीर न करता बोलायचे. हा स्लॉट बघ, हितं कागद फाटलाय म्हणून शॉर्ट झालंय. ते मला शिकवत होते की स्वतःशीच बोलत होते, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच वर्षांत घरी केबलवर मला रॉबिन भेटला.

रॉबिनला मराठीत काय म्हणावं हे मला अजून नीट सुचलेलं नाही. जोडीदार म्हटलं तर बरोबरीचा वाटतो, चेला म्हटलं तर आखाड्यातला. दुकानातला शब्द सगळ्यात जवळचा आहे, हाताखालचा. काकांकडे आलेलं गिऱ्हाईक मला बघून विचारायचं, ‘‘ह्यो तुमच्या हाताखालचा काय?’’ रॉबिन हा बॅटमॅनच्या हाताखालचा पोरगा. लाल बंडी, हिरवी चड्डी, पिवळी केप. अंधारात लपायला निघालेल्या माणसाच्या शेजारी हा असा उजळ कपड्यातला मुलगा कशासाठी, हा प्रश्न मला फार पुढे पडला.

बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३९ च्या मे महिन्याच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये, अंक २७. रॉबिन आला अंक ३८ मध्ये, एप्रिल १९४० ला. म्हणजे जेमतेम अकरा महिने बॅटमॅन एकटा होता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जो एकटा, कुणाचाच नसलेला बॅटमॅन बसलाय, तो खरं तर एक वर्षही टिकला नाही. बिल फिंगर तेव्हा या कथा लिहीत आणि त्यांची अडचण अगदी लिहिणाऱ्याची होती. बॅटमॅनला बोलायला कुणी नव्हतं. गुन्ह्याचा उलगडा त्याच्या डोक्यात होणार, आणि तो वाचकाला सांगायचा तर त्यानं स्वतःशीच किती पुटपुटायचं? शेरलॉक होम्सला वॉटसन असतो तसा याला कुणीतरी हवा होता. बॉब केन, फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांनी मिळून तो मुलगा घडवला. नाव रॉबिन्सन यांनी रॉबिन हूडवरून सुचवलं, पोशाखही त्याच वळणाचा.

म्हणजे रॉबिन जन्मला तो लढायला म्हणून नव्हे. कुणीतरी ऐकणारं हवं म्हणून. हे वाचलं त्या दिवशी मला काकांच्या दुकानातला माझा बसायचा स्टूल आठवला.

त्या पहिल्या कथेत डिक ग्रेसन, म्हणजे पुढचा रॉबिन, हा सर्कशीतला मुलगा आहे. आई-बाप झुल्यावरचे कसरतपटू. सर्कसच्या मालकाकडे गुंड खंडणी मागतात, तो देत नाही, म्हणून झुल्याच्या दोरांना ॲसिड लावून ठेवतात. खेळ चालू असताना दोर तुटतात आणि मुलाच्या डोळ्यांदेखत आई-बाप खाली कोसळतात. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, प्रेक्षकांत आहे. त्याचेही आई-बाप त्याच्यासमोर मारले गेलेत. तो या पोराला घरी आणतो, आणि एका चौकटीत दोघं एका मेणबत्तीच्या उजेडात हात वर करून शपथ घेतात, की अन्यायाशी लढू आणि सरळ वाट सोडणार नाही. चित्र साधंच आहे, पण मी त्याच्यावर नेहमी थांबतो. दोन पोरके, मध्ये एक ज्योत. मोठ्यानं लहानाला वाचवलं असं आपण म्हणतो. त्या चित्रात मला तरी लहानानंही मोठ्याला काहीतरी दिलेलं दिसतं.

मुलगा आल्यावर अंकांचा खप चांगलाच वाढला. मग प्रत्येक प्रकाशकाला आपल्या नायकापाशी एक पोरगा हवासा झाला. ह्यूमन टॉर्चला टोरो, १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकाला बकी, त्याच वर्षी ग्रीन ॲरोला स्पीडी. युद्धाची वर्षं होती. वाचणारी मुलं होती, त्यांना अंकात आपल्या उंचीचं कुणीतरी सापडत होतं. १९४३ मध्ये थिएटरांत बॅटमॅनची सीरियल लागली तेव्हा डग्लस क्रॉफ्ट नावाचा खरोखरच सोळा वर्षांचा मुलगा रॉबिन झाला. १९४७ पासून ‘स्टार स्पँगल्ड कॉमिक्स’मध्ये रॉबिनच्या एकट्याच्या गोष्टीही येऊ लागल्या. त्या काळातल्या बहुतेक कथांबद्दल मला फार सांगायचं नाही. त्यात तो हसतो, उड्या मारतो, पकडला जातो, सुटतो. वर्षं जातात आणि तो तेवढाच राहतो.

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा आरोप करणारं पुस्तक लिहिलं. त्यात ब्रूस आणि डिक एका घरात राहतात याकडेही बोट दाखवून समलैंगिकतेचा संशय घेतला. त्या भीतीच्या वातावरणात प्रकाशकांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत बॅटमॅनच्या घरात बॅटवूमन, बॅट-गर्ल अशी पात्रं येत गेली. मला यातली एक गोष्ट टोचते. एका पोरक्या मुलाला घर मिळतं, यातलं घरपण कुणाला दिसलंच नाही. आणि ज्या मुलांना खरोखरच त्या दोघांत स्वतःच्या वेगळेपणाचा आधार सापडत असेल, त्यांना तर सांगितलं गेलं की तुमचा आधार हाच रोग आहे. २०२१ मध्ये तिसरा रॉबिन, टिम ड्रेक, एका मुलाबरोबर फिरायला जायला हो म्हणाला, तेव्हा ही सदुसष्ट वर्षं माझ्या मनात आली.

१२ जानेवारी १९६६ ला एबीसी वाहिनीवर ॲडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड यांची मालिका सुरू झाली. मार्च १९६८ पर्यंत १२० भाग. वॉर्ड तेव्हा वीस वर्षांचा होता आणि त्यानं रॉबिनला जी लकब दिली ती अजून पुसली गेलेली नाही, तळहातावर मूठ आपटून ‘होली’, म्हणजे ‘पवित्र’, म्हणायचं आणि पुढे त्या वेळी जे समोर असेल ते जोडायचं. या मालिकेला हसणारे पुष्कळ. पण मला तिच्यात एक गोष्ट फार जिव्हाळ्याची वाटते. तो बॅटमॅन सतत शिकवत असतो. गाडीत बसलास, पट्टा बांध. अभ्यास सोडू नकोस. शहरात बॉम्ब फुटायला आला असतानाही तो पोराला नीट वागायला सांगतो, आणि पोरगा ‘तुझं बरोबर आहे’ म्हणून ऐकतो. मला त्यात काका ऐकू येतात. मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, घाई असली तरी नाही, गिऱ्हाईक बोंबलत असलं तरी नाही.

मग डिसेंबर १९६९ चा ‘बॅटमॅन’चा अंक २१७. डिक ग्रेसन बॅग भरतो आणि हडसन विद्यापीठात शिकायला जातो. एकोणतीस वर्षं पोरगा राहिलेला पोरगा एका अंकात कॉलेजात जातो! आणि जे मागे राहतात त्यांचं काय होतं बघा. ब्रूसला ते घर खायला उठतं. तो वाड्याखालची आपली गुहा बंद करायचं ठरवतो, घरातला जुना नोकर आल्फ्रेड याला घेऊन वाडा सोडतो आणि शहरातल्या उंच इमारतीत राहायला जातो. मुखपृष्ठावर तो गुहेकडे पाठ करून निघालेला आहे.

बॅटमॅनच्या कथांत काळ चालत नाही. दर महिन्याला तो त्याच वयाचा, त्याच दुःखाचा, त्याच गल्लीत आई-बाप मारले गेलेल्या, आईची मोत्यांची माळ तुटलेल्या त्याच रात्रीचा. घड्याळ फक्त या मुलाच्या मनगटाला आहे. तो वाढला की त्या घरात वर्षं गेली असं कळतं. तो गेला की खोली रिकामी होते. मला वाटतं, म्हणूनच लेखकांनी त्याला पुन्हापुन्हा घडवलं आणि पुन्हापुन्हा घालवलं. बॅटमॅनला हात न लावता त्याचं वय सांगायचा दुसरा मार्गच नव्हता.

मी २००८ मध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. इलेक्ट्रिकल घेतलं, ते काकांमुळेच. पहिल्या महिन्यात काकूंनी फोनवर सांगितलं, ‘‘तू गेल्यापास्नं ह्ये दुकानात बोलतच न्हाईत. रेडिओ लावून बसत्यात.’’ दिवाळीला घरी आलो. फराळाच्या आधी दुकानात गेलो, तर माझ्या स्टूलावर एक मुलगा बसला होता. सातवी-आठवीतला, सागर त्याचं नाव, शेजारच्या गल्लीतला. हातात बॅटरी. काका त्याच्याशी बोलत होते. हा स्लॉट बघ, हितं कागद फाटलाय. शब्दसुद्धा तेच.

मला कुणी काढलं नव्हतं. मी माझ्या पायांनी गेलो होतो आणि परत त्या स्टूलावर बसायची माझी इच्छाही नव्हती. तरी त्या संध्याकाळी मी लवकर घरी आलो आणि कुणाशी बोललो नाही.

त्याच वर्षात मी हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर आणि पुण्यातल्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून बॅटमॅन नीट वाचायला घेतला. म्हणून जेसन टॉडची गोष्ट मी ज्या मनानं वाचली ते मन अगदी तयार होतं. १९८३ मध्ये जेसन आला. तोही सर्कशीतला, त्याचेही आई-बाप मारले गेलेले. डिक तोवर मोठा झाला होता, ‘टीन टायटन्स’ या तरुणांच्या टोळीचा म्होरक्या होता. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ या जोडीनं १९८० पासून त्या टोळीला असं वाढवलं की ती मुलं खरोखरच वीस वर्षांची वाटू लागली. १९८४ च्या सुरुवातीला डिकनं तिथं रॉबिनचा पोशाख उतरवला, आणि जुलैच्या अंकात निळ्या पोशाखात समोर आला, नाव नाइटविंग. रॉबिन हे नाव जेसनकडे गेलं, डिकच्या राजीखुशीनं.

चार वर्षांत हा समजुतीचा प्रसंग पुसून टाकला गेला. १९८७ मध्ये कथा नव्यानं मांडली तेव्हा असं ठरलं की जोकर या बॅटमॅनच्या कट्टर शत्रूच्या गोळीनं डिक जखमी झाला, बॅटमॅननं घाबरून त्याचं काम थांबवलं, आणि पुढे एका रात्री बॅटमोबिलची चाकं चोरणारा एक रस्त्यावरचा पोरगा त्याला सापडला. तो जेसन. मला ही दुसरी गोष्ट अधिक खरी वाटते. बापमाणसं अशीच वागतात. भीती वाटते म्हणून एकाला दूर करतात आणि घर रिकामं राहवत नाही म्हणून दुसऱ्याला आणतात, आणि दोघांनाही काही समजावून सांगत नाहीत.

नवा जेसन रागीट होता. एका कथेत एक गुन्हेगार बाल्कनीतून खाली पडून मरतो, आणि जेसननं त्याला ढकललं की तो घाबरून पडला हे लेखक सांगत नाही. वाचकांना हा मुलगा आवडेना. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये प्रकाशकांनी अंकाच्या मागे दोन फोन नंबर छापले. जोकरनं जेसनला पहारीनं मारलंय, स्फोट झालाय. तो जगावा असं वाटत असेल तर एक नंबर, मरावा असं वाटत असेल तर दुसरा. एका फोनचे पन्नास सेंट, मुदत छत्तीस तास. जगावा म्हणणारे ५,२७१. मरावा म्हणणारे ५,३४३. फरक ७२.

बहात्तर. एका कॉइलला आम्ही त्याहून जास्त फेरे मोजायचो.

जिम स्टार्लिन यांनी लिहिलेल्या आणि जिम अपारो यांनी काढलेल्या त्या कथेत शेवटी बॅटमॅन त्या मुलाला दोन्ही हातांवर उचलून आणतो. जेसन जगला असता तर काय, याचंही पान अपारो यांनी काढून ठेवलेलं होतं, ते पुढे प्रसिद्ध झालं. मी दोन्ही पानं पाहिलीत. लोक म्हणतात की ती कागदावरची माणसं आहेत, आणि ते खरंच आहे. पण लहान मुलगा नकोसा होणं, तो पहिल्यासारखा नाही म्हणून नकोसा होणं, याला फोन करून आकडा देता येतो हे मला अजूनही पचत नाही. दिवाळीच्या त्या संध्याकाळी माझ्या हातात असा फोन असता तर मी सागरबद्दल काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात आला होता. तो आला होता, एवढंच लिहितो.

नंतर गुहेत काचेच्या कपाटात जेसनचा पोशाख उभा राहिला. हे कपाट आधी दिसलं होतं १९८६ मध्ये, फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये, म्हणजे जेसन मरायच्या दोन वर्षं आधी. त्या भविष्यातल्या कथेत म्हातारा बॅटमॅन आहे, काचेत रिकामा पोशाख आहे, आणि कॅरी केली नावाची तेरा वर्षांची मुलगी कुणी न सांगता रॉबिन होते. स्वतःच्या पैशानं पोशाख आणते आणि छपरांवरून उड्या मारत त्याला शोधायला निघते. काचेच्या कपाटाबद्दल एक आणखी. २००४ मध्ये स्टेफनी ब्राउन ही मुलगी थोड्या काळासाठी रॉबिन झाली, तिला काढून टाकण्यात आलं, आणि पुढे ती मारली गेली असं दाखवलं. तिच्यासाठी गुहेत कपाट आलं नाही. हे का, म्हणून वाचक, विशेषतः वाचणाऱ्या मुली, कित्येक वर्षं विचारत राहिल्या. त्यांचं विचारणं रास्त होतं. शेवटी लेखकांनी ती मेलीच नव्हती असं सांगून तिला परत आणलं.

जेसनही परत आला, २००५ च्या सुमारास, मोठा होऊन, रेड हूड या नावानं, हातात बंदूक घेऊन. तो कसा जिवंत झाला याची कारणं गुंतागुंतीची आहेत आणि मला ती महत्त्वाची वाटत नाहीत. त्याची तक्रार महत्त्वाची. तू मला वाचवू शकला नाहीस म्हणून माझा राग नाही, तो बॅटमॅनला म्हणतो, पण माझ्या मागे जोकर अजून जिवंत कसा?

टिम ड्रेक १९८९ मध्ये आला तो मात्र माझा सगळ्यात लाडका. याला कुणी आणलेलं नाही, आणि याचे आई-बाप तेव्हा जिवंत होते. अगदी लहान असताना त्यानं सर्कशीत डिकला हवेत चार कोलांट्या घेताना पाहिलं होतं. पुढे टीव्हीवरच्या एका चित्रफितीत रॉबिननं तीच कसरत केली आणि पोरानं ओळखलं, हा डिक, म्हणजे बॅटमॅन हा ब्रूस वेन. नऊ वर्षांचा होता. गुपित त्यानं पोटात ठेवलं. जेसन गेल्यावर बॅटमॅन बेफाम वागतोय, स्वतःच्या जिवाची पर्वा करत नाही, हे त्याला बातम्यांतून दिसलं, तेव्हा तो दारात जाऊन उभा राहिला. स्वतःसाठी काही मागायला नव्हे. तो आधी डिककडे गेला, तू परत रॉबिन हो म्हणून सांगायला. बॅटमॅनला रॉबिन लागतो, एवढंच त्याचं म्हणणं. डिसेंबर १९९० च्या अंकात त्याला नवा पोशाख मिळाला, आणि पन्नास वर्षांनी रॉबिनचे पाय झाकले गेले.

टीव्हीवरचं सगळं एका जागी सांगायचं तर फार होईल. दोनच गोष्टी सांगतो. १९९२ ला सुरू झालेल्या ॲनिमेटेड मालिकेतला ‘रॉबिन्स रेकनिंग’ हा दोन भागांचा प्रसंग, ज्याला १९९३ मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. डिक कॉलेजात शिकतोय, आई-बापांचा खुनी झुको सापडायच्या बेतात आहे, आणि बॅटमॅन त्याला बरोबर नेत नाही. पोरगा चिडतो, एकटा निघतो. शेवटी बॅटमॅन कबूल करतो, तुझ्यावर भरवसा नव्हता असं नाही, त्यानं तुझं इतकं नेलंय, तुलाही नेईल ही भीती मला सहन झाली नाही. दहा वर्षांच्या मुलासाठी केलेल्या कार्टूनमध्ये मोठा माणूस लहानाला आपली भीती सांगतो. माझ्या ओळखीच्या कुठल्याच मोठ्या माणसानं तोवर असं केलं नव्हतं.

दुसरी, २००३ ची ‘टीन टायटन्स’. ही मी कार्टून नेटवर्कवर बघायचो, दुकानातून घरी येऊन, हाताला वार्निशचा वास तसाच. इथं बॅटमॅन नाहीच. रॉबिन पुढारी आहे आणि त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. स्लेड नावाचा शत्रू त्याच्या मागे लागतो तो त्याला मारायला नव्हे. त्याला हाताखालचा मुलगा हवाय. मित्रांचा जीव धोक्यात घालून तो रॉबिनला आपल्या कामाला जुंपतो, आपल्या रंगाचा पोशाख घालायला लावतो, आणि शेवटी म्हणतो, मी तुला बापासारखा होईन. रॉबिन म्हणतो, मला बाप आहे. आणि मागून वटवाघळं उडून जातात. बस. बॅटमॅनचं नाव एवढ्यानंच घेतलंय. मी चौदा वर्षांचा होतो आणि मला त्या क्षणी रडू आलं होतं. शिकवणारा आणि राबवून घेणारा यांतला फरक मला त्या वाक्यानं दाखवला. दोघंही आपल्या हातात तीच हत्यारं देतात.

डेमियन, २००६ चा, ग्रँट मॉरिसन यांनी आणलेला, ब्रूसचा सख्खा मुलगा. दहा वर्षांचा आणि मारेकऱ्यांच्या टोळीत वाढलेला. २००९ मध्ये ब्रूस मेला असं सगळ्यांना वाटतं तेव्हा डिक बॅटमॅन होतो आणि डेमियन रॉबिन. सगळं उलटं झालेलं, बॅटमॅन हसरा आणि पोरगा करवादलेला. पोराला वाटतं, हा खरा नव्हे, माझा बाप खरा होता. आणि डिकलाही तेच वाटतं. ती केप त्याच्या अंगावर बसत नाही, ती त्याला हलायलाच देत नाही. तेव्हा आल्फ्रेड, जो कधीकाळी रंगभूमीवर होता, त्याला सांगतो की याला एक भूमिका समज, हॅम्लेटसारखी, आणि तुझ्या पद्धतीनं कर. सर्कशीतल्या मुलाला हे कळतं. लहानपणापासून ज्याच्यासाठी बॅटरी धरली त्याच्या जागी उभं राहायचं, आणि समोर दुसरा मुलगा बॅटरी घेऊन आपल्याकडे संशयानं बघतोय. हे वाचताना पुण्यात माझी पहिली नोकरी लागली होती. कारखान्यात माझ्या हाताखाली आयटीआयची दोन मुलं दिली होती. मला त्यांच्याशी बोलायला काही सुचायचं नाही. मग एक दिवस मी नुसतं मोठ्यानं म्हणायला लागलो, हा टर्मिनल बघा, हा इथं काळा पडलाय.

गेल्या दिवाळीत इचलकरंजीला गेलो होतो. दुकान आता सागर चालवतो. काकांचा डावा डोळा गेलाय, ते दाराशी खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलतात. टेबलावर डेटाची वही होती. पुठ्ठा बदललेला, आतली पानं तीच. सुरुवातीची माझ्या अक्षरात, २००८ नंतरची त्याच्या. मी माझी पानं चाळत होतो. एक हॉर्सपॉवर, चोवीस स्लॉट, तार तेवीस गेज, फेरे ७८. अठ्ठ्याहत्तरवर तांबड्या शाईची एक आडवी रेघ होती, आणि बाजूला त्याच्या अक्षरात ८२.

मी वही त्याच्यापुढे धरली.

‘‘ती मोटार दोनदा परत आलती दादा,’’ सागर म्हणाला. ‘‘मग मी जुनी कॉइल सोडून मोजून बघितली. चार फेरं कमी पडत हुतं.’’

काकांनी खुर्चीवरून एकदा मागे वळून बघितलं. बोलले काही नाहीत.

सागरनं नवा फर्मा लावला, तारेचं टोक अडकवलं, हँडलला हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्टूल ओढून घेतला आणि मोजायला लागलो.